मल्हाररावांच्या परसातला कांदा

"अहो आबा, कांद्याला लागतं काय? नाशिकचं पाणी आणि माणसाची हिंमत! आमच्या घरात कांदा बाहेरून येतच नाही!"

मल्हाररावांनी फोनवर असं ठणकावून सांगितलं, आणि स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोच्या, भिमाबाईंच्या, हातातलं लाटणं थांबलं. कारण त्याच वेळी त्या बाजारातून आणलेला कांदा चिरायला घेणार होत्या.

फोनच्या पलीकडे होते नामपूरचे झिपरूआबा. पिढीजात कांदेवाले! त्यांचा योगेश पिंपळगावला शेतमाल निवडून भरणाऱ्या एका पॅकहाउसमध्ये सुपरवायझर, आणि मल्हाररावांची सृष्टी तिथंच हिशेबाला. दोघांनी एकमेकांना पसंत करून टाकलं होतं. आबांना शंका एकच, "पोरगी शहरनी शे. कांदाना घरमा टिकी का?" त्या शंकेवर मल्हाररावांनी ही थाप ठोकली. वर आमंत्रणही देऊन टाकलं, "चैत्रात जेवायला या! आमच्याच परसातला कांदा खायला घालतो!"

"बाबा, आपल्या परसात आजवर तुळस तरी जगलीय का?" सृष्टीनं कपाळाला हात लावला.

खरंच होतं ते. शेजारच्या बिल्डिंगचा पाया खणला, तेव्हा निघालेली काळी चिकण माती बिल्डरनं नाशिक रोडच्या त्यांच्या त्या बंगलीमागं ढकलून दिली होती. पावसाळ्यात ती माती पायातली चप्पल गिळायची, आणि उन्हाळ्यात तिच्यावर नारळ फोडता यायचा! कॉलनीतल्या प्रत्येकानं सांगितलं, वाळू मिसळा, शेणखत घाला. पण मल्हाररावांची सगळी नोकरी दुधातली भेसळ पकडण्यात गेलेली. "मिसळायचं? मातीत? भेसळ मला चालत नाही!"

थंडीत रोपं लावली. पात बरी आली. मल्हारराव रोज सकाळी वाफ्यासमोर असे उभे राहायचे, जणू सलामी घेतायत! खाली काय चाललंय ते मात्र मातीलाच ठाऊक.

चैत्र उजाडला. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मल्हाररावांनी ऐटीत पहिली पात धरून ओढली. पात हातात आली. कांदा आत! दुसरी ओढली. तीही नुसतीच! कुदळ मारली, तर ठण्ण आवाज झाला आणि कुदळीचा दांडा निखळला.

"पाणी सोडा थोडं, मऊ होईल," भिमाबाई म्हणाल्या.

'थोडं' हा शब्द मल्हाररावांच्या कानापर्यंत पोहोचलाच नाही. पाइप वाफ्यात सोडला आणि ते मिशांना कलप लावायला गेले. कलपाचं काम नाजूक. बाहेर येऊन पाहतात तर परसात म्हशी डुंबतील असा चिखल! तेवढ्यात दारात गाडीचा हॉर्न वाजला.

"आले!" म्हणत मल्हाररावांनी घाईघाईत वाफ्यात उडी मारली. निदान चार कांदे तरी! पाय गुडघ्यापर्यंत आत गेले आणि तिथंच राहिले.

झिपरूआबा घरातून थेट मागं आले. पांढरंशुभ्र धोतर, कडक इस्त्रीचा सदरा. "काय करी राह्यनात भाऊ?"

"काही नाही! कांदा काढतोय!"

"कांदा काढणं शे का विहीर खोदणं शे? थांबा, हात द्या!"

"नको आबा, तुम्ही पुढं येऊ न..."

आबा पुढं आले. "अरे देवा! मना बी पाय अडकना!"

दोन्ही बापमाणसं एकमेकांना धरून डुलू लागली. एकानं जोर लावला की दुसरा आणखी खाली! शेवटी सृष्टीनं ओढणी कमरेला बांधली, गच्चीवरून कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली, आबांच्या काखेतून घातली आणि ओरडली, "आई, ओढ!" पचकन आवाज झाला. आबा बाहेर आले, धोतर अर्धं आत राहिलं. मागोमाग मल्हाररावही निघाले, मिशीच्या कलपावर चिखलाचा दुसरा हात चढवून.

बाहेर नळाखाली बसलेल्या आबांची नजर वर जाईना. मल्हाररावांना वाटलं, मोडलं लग्न!

"पोरगी टिकी," आबा हळूच म्हणाले. "ह्या चिखलमा जी टिकनी, ती कुठं बी टिकी!" मग बोटांवरची माती चोळत म्हणाले, "आणि भाऊ, हाई माती माले द्या. लग्नाले अंगणात ओटा घालना शे. आमनी माती भुसभुशीत, ओटा धरत नाय."

मातीचा टेम्पो नामपूरला गेला. मल्हाररावांनी कॉलनीभर सांगितलं, "माल गेला आमचा, आबांच्या बागलाणात!"

काही आठवड्यांनी आबांचा फोन आला. आवाजात कौतुक मावत नव्हतं.

"भाऊ, ओटा झकास झाया! पण त्याच्यातून तुमना कांदा उगी उना! काय पात शे, हिरवीगार! गावातली माणसं बघाले येतात!"

मल्हाररावांची छाती फुगली. "बघा! मी म्हटलंच होतं! बरं, काय खत घातलं? निगा कशी राखली?"

"काय नाय भाऊ," आबा म्हणाले. "कोणीच हात लावना नही."