डॉक्टरांची टेप

डॉक्टर आबासाहेब माणसाचं तोंड नंतर बघत, पाठ आधी. अकोल्याला जठारपेठेत त्यांच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं कंपाउंडर होतो. नोकरीला लागलो त्या दिवशी नाव विचारायच्या आधीच त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, गळ्यातली शिंप्याची टेप टाचेपासून डोक्यापर्यंत लावली आणि म्हणाले, "पाच फूट चार. पोट सुटलं. तुले औषध बेतानं लागन."

मला काहीच झालं नव्हतं.

वकील, भटजी, दूधवाला, कुणालाच हा माणूस सोडत नसे. एकदा बडनेऱ्याच्या फलाटावर गाडी सुटायची वेळ झाली तरी ते स्टेशनमास्तरला मोजत होते. कारण एकच. पोट फाडून बाळ काढायचं तर ते पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर करीत. "ठेंगण्या, मोठ्या पोटाच्या बाईले सगळ्यांएवढंच औषध देलं, तं ते छातीपर्यंत चढते. श्वास अडकते. मापाबिगर सुई नाई!" हे मी झोपेतही बडबडायचो, असं बायको सांगते.

एका दुपारी फुलमाळ्याची सून आली, काशी. ठेंगणी, पोटात जुळी, कालपासून अडलेली. उभं राहवेना, म्हणून तिला निजवूनच मोजायचं होतं. टेप निघाली तशी सासू आडवी आली.

"जित्या बाईले लेटवून मोजता? तिरडीचं माप हाय काय थे? मी नाई मोजू देत!"

"साहेब, अंदाजानं देऊ," मी म्हणालो. त्यांनी माझ्यावरच डोळे वटारले आणि सरळ शेजारच्या बाकावर आडवे झाले.

"ये माय, पयले मले मोज. मरतो का पाह्य."

बुढीनं तोंडाला पदर लावला, पण हटली नाही. काशी कण्हत होती. मग साहेबांना बुढीच्या काखेतल्या फुलांच्या टोपलीतला दोरा दिसला.

"देवीच्या हाराले दोरा कसा मोजतं? तसाच तुया हातानं सुनीले लाव. मी हात लावत नाई."

बुढी थबकली. मग तिनं देवीचं नाव घेतलं आणि दोरा काशीच्या टाचेपासून डोक्यापर्यंत धरला. साहेबांनी तो टेपेवर ताणला आणि सुईतलं औषध बरंच कमी केलं. तासाभरात दोन पोरी रडल्या आणि काशी बुढीशी बोलत होती.

नंतर टेप धुवायला पहिल्यांदाच माझ्या हाती आली. चार फूट सात इंचांवर लाल दोऱ्याची गाठ होती. मी विचारलं.

"माया कुटुंबाची उंची," साहेब हात पुसत म्हणाले. "पयलं बाळंतपण. सुई मीच देली, सगळ्यांएवढी. तिची उंची मले तिरडी बांधताना समजली."

मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपणहून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. "घ्या साहेब, माप."

त्यांनी टेप लावली.

"पोट आणखी सुटलं तुयं," ते म्हणाले.