गंगेचा सीलबंद गडू

"लिहून घे, झडतीतून सगळ्यात आधी आपण सुटणार," हेरंबनं सुमेधाला सांगितलं. सुमेधा मुलांच्या स्वेटरच्या घड्या घालत होती. तिनं काही लिहून घेतलं नाही.

साल शहाऐंशी, पंजाबात बाँबस्फोटांचे दिवस. चंडीगडमध्ये तेव्हा रस्त्यात बेवारशी डबा दिसला तरी लोक वाट बदलायचे, आणि लग्नात कुणी ट्रान्झिस्टर आहेर केला तर नवरदेव आधी दोन पावलं मागं सरायचा. हेरंब तिथल्या वैद्यकीय संस्थेत जंतुशास्त्र शिकवत असे. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींवर संशय घ्यायचा त्याला पगारच मिळायचा.

विमानानं जायची घरातल्या सगळ्यांची पहिलीच वेळ. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर झडतीची तालीम चालली. खेळण्यांतले सेल निघाले. चार वर्षांच्या गुरूची शिट्टी जप्त झाली. सात वर्षांच्या वीणाला एक वाक्य पाठ करायला लावलं होतं. ओळखीचं नसेल त्याला म्हणायचं, "ये हमारा नहीं है, हाथ मत लगाओ."

अडचण होती ती गडूची.

हेरंबच्या आईनं थंडीत काशीयात्रा केली होती. यात्रा केली की घरी गंगेची पूजा करून माणसं जेवू घालायची, ते मावंदं. ते येत्या शुक्रवारी साताऱ्याला होतं, आणि त्यासाठीच सगळे निघाले होते. काशीहून आई चंडीगडला आली, खोकल्यानं हैराण झाली, आणि गंगेचा तांब्याचा गडू मुलाकडे ठेवून गेली. जाताना बजावलं, "तोंड झाळ लावून बंद केलंय. मावंद्याला, चार माणसांत उघडायचा. आधी उघडलात तर माझी यात्रा फुकट."

"बंद तांब्याचा गोळा, आतलं दिसत नाही, हलवला की डुचमळतो," हेरंब म्हणाला. "पोलिसांना आणखी काय हवं? विश्वनाथ आगगाडीनं पुण्याला चाललाय, त्याच्याकडे दे."

विश्वनाथ हा संस्थेतला मित्र. मागच्या खेपेस त्याच्याबरोबर पाठवलेले लाडू मथुरेच्या पुढं पोचले नव्हते.

"बरं," सुमेधा म्हणाली.

तिच्या 'बरं'चा अर्थ होकार असतोच असं नाही, हे नऊ वर्षांच्या संसारात हेरंबला कळायला हरकत नव्हती.

विमानतळावर सुमेधा गुरूला घेऊन बायकांच्या पडद्याआड गेली. हेरंब आणि वीणा पुरुषांच्या टेबलाशी. हवालदारानं मुलांची पिशवी बाहेरून चाचपली आणि त्याचा हात थांबला.

"लोहे-तांबे का कुछ है, डाक्टरसाब?"

"बिलकुल नहीं. मैंने खुद तीन बार चेक किया है."

हवालदारानं पिशवी हलवली. डुचुक.

हेरंब दोन पावलं मागं सरला. आपण भरलेल्या पिशवीत आपण न भरलेलं काहीतरी होतं. "किसीने रख दिया है," तो म्हणाला. "पीछे हटिए सब."

"बेटा, ये बैग आपका है?" हवालदारानं वीणाला विचारलं.

"ये हमारा नहीं है," वीणा खणखणीत आवाजात म्हणाली, "हाथ मत लगाओ."

एवढी चोख तालीम हेरंबनं कधी ऐकली नव्हती. पुढच्या मिनिटाला हॉल रिकामा झाला. लांब काठीला अडकवून पिशवी बाहेर वाळूच्या पोत्यांआड नेली. प्रवासी कुंपणाशी उभे राहिले. वीणाला एका बाईच्या शेजारी बसवलं, आणि हेरंबचा शर्ट-बनियन उतरवून त्याची पुन्हा झडती झाली.

"घर में कोई और सामान रख सकता था? बीवी?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"मेरी बीवी? सवालही नहीं."

तेवढ्यात त्याची बीवी गर्दीतून वाट काढत आली. तिनं पोत्यांकडे पाहिलं, उघड्या नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, गडू आहे तो," ती हळूच म्हणाली, "आईंचा."

पोत्यांआडून टण् असा आवाज आला. मग एक पगडी वर आली. "पानी है जी. गंगाजल लगता है."

इन्स्पेक्टरनं गडू मागवून घेतला. मग म्हणाला, "डाक्टरसाब, एक घूँट आप लीजिए. सबके सामने."

हेरंब साठ माणसांसमोर तसाच उघडा, दोन्ही हातांत गडू धरून प्यायला. तो जिवंत राहतो का, हे बघायला दहा मिनिटं सगळे थांबले. पोलिसांनी मग एकेक थेंब डोळ्यांना लावला. विमान दोन तास उशिरा सुटलं.

साताऱ्याला पोचेपर्यंत सुमेधा आणि हेरंब एकमेकांशी मुलांमार्फत बोलले. भोक पडलेला गडू आईसमोर ठेवायची वेळ आली तेव्हा दोघंही एकमेकांच्या मागं उभं राहायला बघत होती.

आईनं गडू उलटसुलट फिरवला. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "उघडला तेव्हा माणसं किती होती?"

"पन्नास-साठ."

"उपाशी ठेवलीत?"

"नाही. उशीर झाला म्हणून विमानवाल्यांनी खायला दिलं सगळ्यांना."

"तीर्थ?"

"पोलिसांनी घेतलं," सुमेधा म्हणाली. "यांनीही."

"आणि तू पँट-शर्टातच?"

"शर्ट काढायला लावला होता," हेरंब खाली बघत म्हणाला. "बनियनसुद्धा."

आईनं गडू देव्हाऱ्यात ठेवून हात जोडले.

"मग झालं की मावंदं," ती म्हणाली. "आता शुक्रवारी चाळीस माणसं येतील. कुठं झालं आणि कसं झालं, ते त्यांना पानावर बसायच्या आधी तूच उभा राहून सांग."