जनता खाना खाली आहे

पदार्थाची किंमत त्यात काय घातले आहे यावर ठरत नाही. खाणाऱ्याला पळून जायला किती वाट आहे यावर ठरते. अर्थशास्त्राची जाडजूड पुस्तके हे सांगताना चाचरतात, रेल्वे स्टेशनवरचा स्टॉलवाला मात्र ते एका कपात सांगतो. (कप अलीकडे अंगठ्याएवढा झाला आहे, पण ज्ञान तेवढ्यात मावते.) एका हाताला रूळ, दुसऱ्या हाताला कुंपण, पायाशी सामान आणि गाडी सुटायच्या बेतात, अशा माणसाला बाजारभाव सांगणे म्हणजे धंद्याचा अपमान आहे.

उदारीकरणानंतर दिल्लीत या शास्त्राने जी प्रगती केली ती पाहून ऊर भरून येतो. पूर्वी फलाटावर एक किटली असे आणि ती धरणारा एक कळकट माणूस असे. आता काचेचा स्टॉल आहे, आत डोक्याला टोपी घातलेला माणूस आहे आणि चहाला 'टी' म्हणतात. चहाचा 'टी' झाला की भाव दुप्पट, 'मसाला टी' झाला की तिप्पट. (मसाला म्हणजे कपाच्या तळाशी शेवटी उरतो तो कण.) पाण्याच्या बाटलीवर छापलेली किंमत नुसत्या पाण्याची असते, थंडपणाची वेगळी. जानेवारीत, जेव्हा दिल्लीत बाटली बाहेर ठेवली तरी गारठते, तेव्हाही 'ठंडा करने का चार्ज' घेतलाच जातो, कारण एकदा पडलेली पद्धत हवामानासाठी मोडणे बरे दिसत नाही.

जनतेला हे मान्य आहे काय, याची मी स्वतः पाहणी केली. शंभर प्रवाशांपैकी एक्क्याण्णव जणांनी मुकाट्याने पैसे दिले. आठ जणांनी "लूट है यार" असे म्हणून दिले. एकाने बाटलीवरची किंमत मोठ्याने वाचून दाखवली; त्या नादात त्याची गाडी सुटली, त्यामुळे त्याला प्रवासी धरावे की नाही याबद्दल माझे अजून नक्की ठरलेले नाही.

तरीही गरिबाची कोणाला काळजी नाही असे समजू नये. भावफलकावर सर्वांत वर, ठळक अक्षरांत 'जनता खाना' लिहिलेला असतो. पुऱ्या, बटाट्याची भाजी, लोणच्याची फोड, दहा रुपये. (मराठी माणूस हा शब्द प्रथम वाचतो तेव्हा त्याला दवाखाना, बंदीखाना आठवतात आणि जनतेला कोंडायची ही खोली कुठे आहे म्हणून तो इकडेतिकडे पाहतो.) हे पाकीट स्टॉलवर सदैव शिल्लक असलेच पाहिजे असा दंडक आहे. आता शांतपणे विचार करा. पाकीट विकले तर ते शिल्लक राहणार नाही, आणि शिल्लक राहिले नाही तर दंडक मोडेल. म्हणून कायदा मानणारा स्टॉलवाला जनता खाना कधीही विकत नाही. या सचोटीची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

ही सचोटी मी जवळून पाहिली ती विक्रांतमुळे. विक्रांत हा द्वारकेतला माझा शेजारी. नोएडाच्या एका आयटी कंपनीत आहे. द्वारकेत तेव्हा मेट्रोचे खांब उभे राहत होते आणि आमच्या सोसायटीत गाड्या. विक्रांतनेही नवी गाडी घेतली होती, सीटवरचा प्लॅस्टिकचा कागदही अजून काढला नव्हता. वाईहून त्याचे आईवडील, गिरिजाबाई आणि पद्माकरराव, दोन महिन्यांसाठी आले होते. त्यांना पुण्याच्या गाडीत बसवायला आम्ही दुपारी निघालो. सामानाला हात लावायला मी.

गिरिजाबाईंनी पहाटे उठून दशम्या आणि लसणाची चटणी केली होती. विक्रांतने डबा दारातच थांबवला.

"आई, गाडीत लसणाचा वास बसेल. आणि आजकाल डबेबिबे कोण नेतं यार? स्टेशनवर सगळं मिळतं. प्रॉपर फूड प्लाझा आहे."

"ह्यांची गोळी झालीये साखरेची. अर्ध्या तासात पोटात काहीतरी जायला हवं."

"अर्ध्या तासात आपण तिथे असतो. चलो."

यात विक्रांतचे काही चुकले असे मला वाटत नाही. डबा ही टंचाईच्या काळातली गोष्ट आहे. देश खुला झाल्यावर माणसाने दशमी धरून बसावे हे शोभत नाही. डबा चपलांच्या कपाटावर राहिला, आणि धौला कुआँच्या चौकात गाड्यांच्या गर्दीत आम्ही अर्ध्या तासाहून जास्त वेळ काढला.

स्टेशनावर पोचलो (नाव सांगत नाही, दिल्लीतले प्रत्येक मोठे स्टेशन ते स्वतःचेच समजेल) तेव्हा पद्माकररावांच्या कपाळावर घाम आला होता. साखर उतरत चालली होती. ते बॅगेवर बसले आणि म्हणाले, "काही नाही, बरा आहे मी." पन्नास वर्षे संसार केलेल्या बाईला या वाक्याचा अर्थ चांगला कळतो.

विक्रांत कूपनच्या रांगेत लागला. फूड प्लाझात पैसे एकीकडे द्यायचे, कूपन दुसरीकडे द्यायचे आणि आपला नंबर पुकारला की तिसरीकडे धावायचे. ही सोय आहे. त्याने दोन कॉम्बो सांगितले. कॉम्बो म्हणजे सँडविच आणि कोल्ड्रिंक, जे वेगवेगळे घेतले तर परवडतील म्हणून एकत्र विकतात. नुसते कोल्ड्रिंक मागितले तर "सिस्टम में नहीं है" असे उत्तर मिळाले. भाव ऐकून विक्रांतच्या भुवया हलल्या, पण मागे लोक उभे होते, म्हणून त्याने त्या जागेवर आणल्या.

तेवढ्यात गिरिजाबाईंनी फलक वाचला आणि त्या काउंटरवर गेल्या. "भैया, वो जनता खाना दो. जल्दी."

"माताजी, जनता का डिब्बा खाली है."

आता हे वाक्य दिल्लीत रोज हजार वेळा बोलले जाते आणि ऐकणारे निमूट मागे फिरतात. पण गिरिजाबाई वाईच्या. त्यांच्या हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामा हा अर्थ अजून भरती झालेला नव्हता. डबा खाली आहे म्हटल्यावर त्या काउंटरला वळसा घालून गेल्या, गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि खाली पाहिले.

डबा खाली होता. त्यात पाकिटे होती, एकावर एक, त्या दिवसाची तारीख घातलेली.

"अरे, है ना खाली! तुमने बराबर बोला," असे म्हणून त्यांनी एक पाकीट उचलले आणि दहाची नोट ठेवली. त्यांच्या मते व्यवहार पूर्ण झाला होता.

टोपीवाला क्षणभर गोंधळला. मग त्याने पाकिटाचे दुसरे टोक पकडले. "माताजी, ये बेचने का नहीं है, दिखाने का है. साहब चेकिंग पे आते हैं. बेच दिया तो दिखाएँगे क्या?"

"अरे, मेरे आदमी को चक्कर आता है! देखो, वो बैठे है!"

पाकीट दोघांच्या हातात ताणले गेले. आता रांग खवळली. मला वाटले होते रांग स्टॉलवाल्यावर खवळेल. पण विचार केला तर रांगेचे बरोबर होते. त्या रांगेतल्या प्रत्येकाने चौपट मोजले होते. दहा रुपयांचे जेवण खरोखरच अस्तित्वात आहे हे सिद्ध झाले असते, तर इतक्या शिकलेल्या लोकांना आपण फसलो हे चारचौघांत मान्य करावे लागले असते. एका बाईच्या पाकिटासाठी एवढी किंमत कोण देणार? "आंटी, लाइन मत तोड़ो!" "टाइम वेस्ट कर रही हैं!"

विक्रांत धावत आला. त्याची मान लाल झाली होती. "आई, ठेव ते. प्लीज. लोक बघतायत."

"बघू दे की. तुझा बाप बघ आधी."

विक्रांतने आईच्या हातून पाकीट सोडवले आणि स्वतः वाकून खाली ठेवले. वर टोपीवाल्याला "सॉरी भैया" म्हणाला. त्याची कंपनी त्याला 'पीपल स्किल्स'चे बक्षीस उगाच देत नाही.

तेवढ्यात रांगेतून आवाज आला. स्वच्छ, शुद्ध, आपला मराठी आवाज. "जाऊ द्या हो काकू. एवढ्यातेवढ्यासाठी कशाला तमाशा?"

गिरिजाबाई गर्रकन वळल्या. दोन महिन्यांत त्यांना घराबाहेर मराठी ऐकू आले नव्हते. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "तुम्ही मराठी ना? बरं झालं बाई! मग सांगा ना ह्याला तुमच्या हिंदीत. ह्यांना आत्ताच्या आत्ता खायला हवंय हो."

त्या व्यक्तीने घड्याळ पाहिले. मग काउंटरकडे तोंड करून म्हटले, "भैया, मेरा नंबर देखना ज़रा."

विक्रांतचा नंबर पुकारला तेव्हा दोघांना डब्यात बसवून झाले होते आणि गाडी हलली होती. मी धावत जाऊन कॉम्बो खिडकीतून आत दिले. पद्माकररावांनी दोन्ही हातांनी कोल्ड्रिंक धरले, निम्मे सदऱ्यावर सांडले. सँडविच आतून बर्फासारखे होते. गिरिजाबाई ते दोन तळव्यांत दाबून ऊब देत होत्या आणि आमच्याकडे बघत नव्हत्या.

रांगेतला तो मराठी चेहरा मला गर्दीत नीट दिसला नाही. पण शोधायची गरज वाटत नाही. ती व्यक्ती या क्षणी हे वाचते आहे, आणि 'मी तर बाईंच्या भल्यासाठीच बोललो' असे स्वतःला समजावते आहे.