खैरनार सरांचा माईक

आमच्या शेजारच्या खैरनार सरांना कोणी ‘अँकर’ म्हटलं की ते जेवणाच्या ताटावरूनही उठतात.

“अँकर बातम्यांचा. एमसी हळदीत लोकांना नाचवतो. होस्ट म्हणजे ज्याच्या घरचं कार्य. मी कॉम्पेअर, सूत्रसंचालक. कार्य दुसऱ्याचं, धास्ती माझी.”

धास्ती मात्र खरी. आमच्याकडे मंगलाष्टकांआधी माईकवरून पाहुण्यांची नावं घेतात. घोटीच्या एका लग्नात सरांकडून माजी सरपंचांचं नाव राहिलं आणि त्यांचे सगळे भाऊबंद न जेवता गाड्यांत बसले. तेव्हापासून सर कार्यक्रमाच्या दिवशी अन्नाला शिवत नाहीत. पहिल्या रांगेत मला बसवतात, आधाराला म्हणे. नावं ते घेतात आणि बोटांवर मोजत मी बसतो.

यंदा त्यांच्या पल्लवीचं लग्न निघालं, गंगापूर रोडच्या लॉन्सवर. तिची आई, लताकाकू, दोन वर्षांपूर्वी गेल्या. सर म्हणाले, “माईक मीच घेणार.”

“सर, या लग्नात तुम्ही होस्ट. व्याख्या तुमचीच आहे.”

एरवी यावर अर्धा तास व्याख्यान झालं असतं. त्या दिवशी ते माझ्याजवळ सरकले. “दुसरा कोणी सवयीने बोलून जाईल, वधूमातांनी मंचावर यावं. पोरगी कोसळेल तिथेच. महिनाभर झोप नाही मला. त्या एका वाक्याची फार भीती वाटते रे.”

मग ती भीती मलाही चिकटली. लग्नात मी अक्षता मुठीत धरून नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आमदारांपासून मामांपर्यंत सगळे मानकरी झाले. वराचे आईवडील मंचावर आले. मला वाटलं, सुटलो.

“आणि आता वधूमाता, सौ. लताताई खैरनार, यांनी मंचावर यावं.”

इतक्या लग्नांची सवय, आपसूक बाहेर पडली. पल्लवीकडे बघायची माझी हिंमत होईना.

सरांनी चूक दुरुस्त केली नाही. नाव घेतलेला माणूस वर येईपर्यंत ते पुढचं नाव घेत नसत. आताही माईक खाली करून ते मंचाच्या पायऱ्यांकडे बघत थांबले. भटजींनीही घाई केली नाही.

शेवटी पल्लवीच मुंडावळ्या सावरत पुढे आली आणि वडिलांच्या हातातून माईक काढून घेऊन म्हणाली, “बाबा, ती नाही येणार. तुम्ही या माझ्याजवळ.”