नानांचा साबुदाणा

आमच्या जिंतूरच्या बेकरीत नाना नेमाने येतात आणि पाव, खारी, टोस्ट यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. काउंटरवर हात टेकून हळूच म्हणतात, "शरम वाटायली मागायला, पर थोडं यीस्ट देता का?" शरम वाटायली, हे त्यांचं पालुपद. रसवंतीवर जास्त बर्फ मागतानाही त्यांना शरम वाटते. एसटीत खिडकीची जागा मिळाली तर शेजारच्याकडे बघून ते आधी शरमतात आणि मग उठून उभेच राहतात.

पावाला हात न लावणारा माणूस यीस्ट नेतो म्हटल्यावर गल्लीने काय ते ओळखलं. नाना घरात हातभट्टीची पाडतात. अंगणातून वासही तसाच यायचा. एकदा दोन सज्जन रिकामी बाटली घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले, तेव्हा नानांनी त्यांना सरबत पाजून परत पाठवलं. हवालदार अंगण हुंगून गेला. नानांच्या बायकोला, आमच्या काकूंना, हळदीकुंकवाची बोलावणी येईनाशी झाली. नानांनी मात्र कशाचा खुलासा केला नाही. नुसती मान खाली घालायचे, आणि लोकांना तेवढा पुरावा पुष्कळ होता.

मी धंदेवाला माणूस. उद्या भट्टी सापडली तर यीस्ट कुणी दिलं हा प्रश्न निघणार, म्हणून एका दुपारी मीच त्यांच्या परसात जाऊन थडकलो. नाना जनावरांना टोचायच्या मोठ्या पिचकारीतून चिकट पांढरं पाणी एका पातेल्यातल्या क्षाराच्या पाण्यात थेंब थेंब सोडत बसले होते. थेंब खाली पडला की त्याची गोळी व्हायची. पातेलंभर भिजवलेला साबुदाणाच जणू.

मग हळूहळू कळलं ते असं. नानांनी परभणीला कुण्या प्राध्यापकाचं भाषण ऐकलं होतं. यीस्ट मेलं तरी त्याच्या सालीला पाण्यातलं शिसं चिकटतं, हे तिथे कळलं आणि माणूस झपाटला. आधी यीस्टची पुरचुंडी बांधून पाण्यात सोडून बघितली, तर पाण्याची आंबील झाली. आता शेवाळापासून काढलेल्या डिंकासारख्या पुडीत यीस्ट घोळून ते गोळ्या पाडत होते. गोळ्या पाइपात भरायच्या आणि मागच्या विहिरीचं पाणी त्यातून गाळायचं. गाळलेलं पाणी गिरजाबाईच्या हौदात ओतायचं. गिरजाबाई मागच्या घरात राहते, मेंढरं राखते. विहीर तिचीच, आणि तिची मेंढरं त्याच पाण्यावर. ती कळप घेऊन परतायच्या आत नाना हौद भरून घरात पसार झालेले असायचे.

मी म्हटलं, नाना, हे तर पुण्याचं काम, चारचौघांत सांगा. ते असे दचकले की मीच ओशाळलो. "पुण्याचं न्हाई ते," म्हणाले आणि पिचकारी धुवायला उठले.

खरी गंमत, आता तिला गंमत म्हणायला जीभ वळत नाही, झाली एकादशीला. वापरून झालेल्या गोळ्या नानांनी आदल्या दिवशी झाकणाच्या पातेल्यात भरल्या आणि उंदीर उलथून टाकतील म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्याखाली सरकवल्या. शेजारीच काकूंनी साबुदाणा भिजवलेला. मी यीस्ट द्यायला गेलो तेव्हा काकू कुरकुरत होत्या की दुकानदाराने जुनाट साबुदाणा दिला, किती परतला तरी शिजत नाही. बघूनच नुसती शेंगदाण्याची तारीफ करावी अशी ती खिचडी दिसत होती. त्यांनी स्वतः अजून चव घेतली नव्हती. पहिली ताटली, दर एकादशीसारखी, गिरजाबाईला देऊन आल्या होत्या.

हे कानावर पडताच नानांनी आत येऊन ओट्याखाली वाकून बघितलं. काकूंचा साबुदाणा तसाच होता. दुसरं पातेलं रिकामं.

अनवाणी धावले. त्या वयात माणूस इतका धावतो हे मला माहीत नव्हतं. मी मागोमाग पोचलो तेव्हा गिरजाबाईने उचललेला पहिला घास अजून हातातच होता आणि नानांनी तिच्या हातातली ताटली हिसकावून घेतली होती. ती उभीच राहिली. दिलेलं अन्न कुणी असं ओढून घेतं का? माझी मान खाली गेली.

"खाऊ नका, त्यात शिसं हाय," नाना म्हणाले. "तुमच्या हिरीतलं."

आणि मग ते थांबलेच नाहीत. त्यांचं गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान होतं तेव्हा ते परसात जुन्या बॅटऱ्या फोडत, त्यातलं पाणी मागच्या चरात सोडून देत. चर विहिरीकडे उतरलेला. कोकरं मरायला लागली तेव्हा त्यांना कळलं. दुकान बंद केलं, स्वतःच्या नळातून गिरजाबाईच्या घराला जोड दिला, पण तोंड उघडलं नाही. "माणसांला नळ दिला, मेंढरांला कुठून पुरवू? दारूवाला म्हणू द्या म्हटलं. ते ऐकून घेता येत होतं. हे सांगता येईना."

काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनाही हे आजच कळत होतं.

गिरजाबाईने हौदाकडे बघितलं. शिव्या देईल असं मला वाटलं. द्यायला हव्या होत्या.

"इतके साल तुमी आमच्या वट्यावर टेकला न्हाई," ती म्हणाली. "चहा म्हटलं की नको. मला वाटायचं, आमी मेंढरावाले म्हणून."

नानांनी ताटली खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कोकरांची शरम त्यांनी कशीबशी पेलली होती. ही तर त्यांच्या ध्यानीमनीही नव्हती. मलाही तिथे उभं राहवेना.

गिरजाबाई आत गेली. स्टोव्हचा आवाज आला. मग ती कप घेऊन बाहेर आली आणि नाना हात पुढे करेनात, तेव्हा तिने कप ओट्यावर त्यांच्यासमोर ठेवला.

"कोकरांचं मी इसरणार न्हाई," ती म्हणाली. "पर हे प्या. नळाच्या पाण्याचा हाय, भिऊ नका."

नाना ओट्यावर टेकले.