हुतुतूचा गुडघा

लवू तोरसकर याला हुतुतू हा एकच खेळ येत होता. मात्र तो असा येत होता, की डिलाईल रोडवरची माणसं चुलीवरची भाकरी करपू देऊन त्याची चढाई बघायला गॅलरीत उभी राहत. एका दमात चार गडी बाद करून तो मध्यरेषेवर परतायचा आणि श्वास सोडण्याआधी पंचाला डोळा मारायचा. दुसरा खेळ शिकायला त्याला सवड नव्हती आणि गरजही नव्हती. गरज पडली ती १९५७ साली, आणि तीही कागदावर.

त्या वेळी लवू गिरणीत बदली कामगार होता. बदली म्हणजे रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं आणि ओळखीपैकी कुणीतरी आजारी पडावं अशी मनापासून इच्छा करायची. सहा वर्षं शेजाऱ्यापाजाऱ्यांचं असं वाईट चिंतून झाल्यावर एक दिवस फाटकावर फलक लागला. 'दोन खेळांत प्रावीण्य असणाऱ्या कामगारास व्यावसायिक द्विक्रीडापटू या पदावर कायम करण्यात येईल.' कामाचं स्वरूप सोपं होतं. मागाच्या साच्यासमोर उभं न राहता मैदानात उभं राहायचं आणि गिरणीचं नाव काढायचं.

हेडक्लार्क माधवराव हे गिरगावातले सज्जन गृहस्थ. त्यांना आयुष्यात एकाच गोष्टीचा तिटकारा होता, तो म्हणजे रिकामा रकाना.

"खेळ पहिला?"

"हुतुतू."

"दुसरा?"

"दुसरा नाय, साहेब."

"'नाही' असं लिहिता येत नाही. रकाना आहे."

"मग विटीदांडू लिवा."

"तो यादीत नाही." माधवरावांनी यादीवरून बोट फिरवलं. "क... कबड्डी आहे."

"साहेब, ती हुतुतूच. बाहेरगावची माणसं कबड्डी बोलतात."

"बाहेरगावची माणसं काय बोलतात हे मी विचारलं नाही, तोरसकर. तुम्हाला कबड्डी येते की नाही?"

"येते म्हणजे... न येऊन जाईल कुठे?"

"प्रावीण्य," असं पुटपुटत माधवरावांनी रकाना भरला.

अर्ज दादरच्या मैदानी खेळ नियमन कचेरीत गेला. राज्य तेव्हा द्वैभाषिक होतं आणि कचेरीचे प्रमुख सबनीस साहेब निष्पक्षपाती होते. कोणत्याही भाषेवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांनी एक परिपत्रक काढलेलं होतं: 'एका वस्तूस दोन नावे आढळल्यास त्या दोन वस्तू समजाव्यात.' त्यानुसार हुतुतूची फाईल खिडकीजवळच्या कपाटात गेली आणि कबड्डीची दाराजवळच्या. दोन्ही कपाटांच्या दोन कारकुनांनी 'तोरसकर, ल. बा. हे या खेळाच्या खेळाडूंत आढळतात' असा स्वतंत्र निर्वाळा दिला. लवू कायम झाला.

चाळीत पेढे वाटले गेले. लवूची आई सोनूबाई तेवढी विचारात पडली. "खेळ दोन झाले ता बरा झाला रे," ती म्हणाली, "पण पाय तेच मां तुजे?" ती कचेरीतली नसल्यामुळे या मुद्द्याची नोंद झाली नाही.

मग लवूची कारकीर्द सुरू झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवारी तो हुतुतू खेळे. मंगळवार, गुरुवार, शनिवारी त्याच मैदानात, त्याच गड्यांबरोबर, वेगळ्या रंगाची बनियन घालून तो कबड्डी खेळे. एका गुरुवारी चढाईत सवयीने तोंडातून 'हुतुतू' निघून गेलं, तेव्हा 'परक्या खेळाचा दम वापरल्याबद्दल' त्याच्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. त्यानंतर तो मैदानात शिरण्यापूर्वी वार कोणता ते विचारून घेई.

दोन खेळ म्हटल्यावर दोन संघटना आल्या. हुतुतू संघाचे अध्यक्ष झाले बाबुराव. हे चाळीचे पुढारी. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक मोर्च्यात पहिल्या रांगेत असत आणि फ्लोरा फाउंटनला पाठीवर लाठी खाऊन आले होते. कबड्डी संघाचे अध्यक्ष झाले बाबुरावांचे मेव्हणे. दोन चिटणीस आले, दोन शिपाई आले, दोन वार्षिक सभा येऊ लागल्या. लवू दोन्ही सभांत हार घालून घ्यायला जाई. हार एकच असे. शिपाई तो एका सभेतून दुसरीत नेत. त्याबद्दल मात्र कुणी खुलासा मागितला नाही.

असं सगळं सुरळीत चाललं असताना १९६० च्या जानेवारीत, एका सोमवारी, परळच्या मैदानात समोरच्या सहा जणांनी लवूची पकड केली. सहा जण उठले. लवू उठला नाही. डॉक्टरांनी दाखला दिला: 'हुतुतू खेळताना डावा गुडघा निकामी. धावणे कायमचे बंद.'

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीतून बोलावणं आलं. लवू काठी टेकत माधवरावांपुढे उभा राहिला.

"तोरसकर, मैदानात गेला नाहीत?"

"साहेब, दाखला दिलाय."

"तो हुतुतूचा. आज मंगळवार आहे."

"साहेब, गुडघा मंगळवारी पण दुखतो."

"तो हुतुतूचा गुडघा दुखतो," माधवराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "कबड्डीच्या फायलीत तुमचे दोन्ही गुडघे धडधाकट आहेत. मी काल संध्याकाळी स्वतः पाहिले."

"मग त्या फायलीतल्या गुडघ्यांना धाडा ना मैदानात!"

माधवरावांनी हे वाक्य टिपून घेतलं आणि नियम वाचून दाखवला. खेळताना जायबंदी झालेल्या खेळाडूला फाटकावर बसून करायचं हलकं काम मिळेल आणि नोकरी शाबूत राहील; परंतु त्याच्याजवळ दुसरा खेळ शिल्लक असता कामा नये. शिल्लक असून तो सहा महिने खेळला नाही, तर त्याचं नाव पटावरून कमी होईल.

लवूच्या डोक्यात प्रकाश पडायला दादरपर्यंत जावं लागलं नाही. ज्या दुसऱ्या खेळाने नोकरी दिली तोच ती खाणार होता. खेळ एकच ठरला, तर फाटकावर स्टूल. दोन ठरले, तर फाटकाबाहेर पुन्हा कुणाच्या तरी आजारपणाची वाट बघणं, आणि तेही आता एका पायावर.

तो सबनीस साहेबांकडे गेला आणि सरळच बोलला. "साहेब, खेळ एकच आहे. मी खोटं खेळलो."

"हळू बोला," सबनीस साहेब दचकून म्हणाले. "पलीकडे कबड्डी शाखा बसते. माणसं संसारी आहेत."

"पण मी स्वतः खेळलोय ना दोन्ही!"

"हीच तर अडचण आहे. तुम्ही खेळाडू, म्हणजे हितसंबंधी. खेळाडूला खेळातलं काय कळतं? तो खेळण्यात गुंतलेला असतो." साहेबांनी चष्मा पुसला. माणूस मनाने मऊ होता. "असं करा. दोन प्रेक्षकांची लेखी साक्ष आणा, की आम्ही दोन्ही खेळ पाहिले आणि ते एकच आहेत. प्रेक्षक नुसता बसून बघतो, त्यामुळे त्याला सत्य दिसतं. सहीनिशी हवं. जूनअखेर मुदत."

दोन सह्या! ज्याच्या चढाईला हजार माणसं उभी राहत त्याला दोन सह्या जड नव्हत्या. लवू लंगडत लंगडत चाळभर फिरला.

पहिल्या मजल्यावरच्या कमळाबाई म्हणाल्या, "भावोजी, एकच खेळ तो, आंधळ्यालाही कळेल. पण आमचे हे कबड्डीच्या हापिसात शिपाई आहेत ना! तुम्ही रोज जेवायला या माझ्याकडे. सही तेवढी मागू नका." खात्यातला दत्तू म्हणाला, "आधी दुसऱ्या कुणाची आण, मग माझी दुसरी." ही अट लवूला न्याय्य वाटली; मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांनी तीच घातली.

पहिली मे उजाडली. राज्य झालं. लालबागपासून परळपर्यंत गुलाल उडाला. बाबुरावांचा घोषणांनी बसलेला घसा त्या दिवशी पार गेला. त्यांच्या कपाळावर टिळा होता आणि डोळ्यांत पाणी. यापेक्षा चांगला मुहूर्त नाही, असं लवूला वाटलं.

"बाबुराव, हुतुतू नि कबड्डी एकच ना?"

"लव्या, अरे शेंबडं पोरसुद्धा सांगेल!" बाबुरावांनी त्याला मिठी मारली.

"मग सही करा."

मिठी सैल झाली. "सही? एक झाल्यावर अध्यक्ष किती राहतील रे?"

"एक."

"आणि तो मेव्हणा झाला म्हणजे?"

"पण बाबुराव, सगळं एक व्हावं म्हणून तुमी लाठी खाल्लीत!"

"ती राज्याची गोष्ट," बाबुराव खालच्या आवाजात म्हणाले. "तिथे मी अध्यक्ष नव्हतो."

शेवटी सही मिळाली ती पलीकडच्या चाळीतल्या रामजीची. हा प्रतिस्पर्धी संघाचा जुना गडी. वय झाल्यामुळे आता नुसता बघायला येई. त्याने कागद मागितला आणि उभ्या उभ्या लिहून दिलं: 'या इसमाने मला चौदा वेळा बाद केले आहे. सात वेळा हुतुतू म्हणत व सात वेळा कबड्डी म्हणत. मला काहीही फरक वाटला नाही.' खाली ठसठशीत सही.

सबनीस साहेबांनी साक्ष वाचली, तिच्यावर शिक्का मारला आणि विचारलं, "दुसरा?"

दुसरा मिळालेला नाही. दत्तूपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळे आता म्हणतात, पहिली सही आपल्या चाळीतली हवी होती. साहेबांनी आठ दिवसांची मुदत वाढवून दिली आहे आणि अटही शिथिल केली आहे. साक्षीदार डिलाईल रोडचाच असला पाहिजे असं नाही. लिहितावाचता येणारा, दोन्ही खेळ सुरुवातीपासून इथपर्यंत पाहिलेला, मध्येच उठून न गेलेला आणि अधूनमधून हसलेला असा कोणताही प्रेक्षक चालेल.

लवू कागद घेऊन उभा आहे. एका पायावर उभं राहणं त्याला जड जातं, तेव्हा फार विचार करू नये. खेळ एकच आहे असं आपण आत्ता मनातल्या मनात म्हणालात, ते त्याने ऐकलं. मनातल्या मनात सगळी चाळ तेच म्हणते.

नाव काय लिहू?