देवडी नामे दोन यंत्रे व बुडालेली नऊ गावे यांची हकिकत

श्री. ज्याचे नाव घेतल्याविना कोणतेही कार्य आरंभ होत नाही, त्या गजाननास नमन. शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी राज्यात जो अनर्थ जाहला तो लिहितो.

राज्यात धरण बांधिले आणि नऊ गावे पाण्याखाली गेली, आणि कोणास कोठे नवी जमीन द्यावी ती नावनिशीवार यादी कचेरीच्या नव्या यंत्रात ठेविली. ते यंत्र जुन्याची हुबेहूब नक्कल करून सिद्ध केले, सबब दोहोंचे नाव 'देवडी' हेच राहिले. कचेरीचा रिवाज ऐसा की, नव्या यंत्राचे बारसे कारभारी रंगराव धायगुडे यांनी नारळ फोडून स्वहस्ते करावे. तोवर नावास कोणी हात लावू नये. आणि कारभाऱ्यांस आठ महिने सवड जाहली नाही! यंत्रे सांभाळणारी तुळजाबाई उबाळे हिणे कितीदा विनविले, "साहेब, काळ्या पडद्यावर होस्टनेम एवढं लिहिलं की यंत्र आपलं नाव सांगतं. त्याच शब्दापुढं नवं नाव लिहिलं की ते घेतं. दोघं एकाच नावाला ओ देतात, घात होईल. मला करू द्या." कारभारी गरजले, "बारसं आम्ही करायचं की तुम्ही? मुहूर्त बघतोय ना!"

मग हुकूम सुटला की जुने देवडी भंगारात द्यावे, तत्पूर्वी पुसून साफ करावे. तुळजाबाई त्या दिवशी रजेवर होती, आणि कारभाऱ्यांनी एक दिवस दम न धरिता आपल्या खोलीतूनच 'देवडी' या नावे हुकूम धाडिला, आणि नव्या देवडीने ओ दिली, आणि यादी समूळ पुसली गेली. जुन्यात ती कधी नव्हतीच. दुसरी प्रत? तिजलाही बारशाचाच मुहूर्त धरिला होता. ऐशा अकलेस काय म्हणावे!

तिसरे दिवशी वडजळ या बुडाल्या गावची ठकूबाई कचेरीत आली आणि म्हणाली, "सायेब, माझं नाव बगा की. मागल्या येळंला व्हतं."

कारभारी मान वर न करिता बोलिले, "यादीत नाव नाही, बाई."

तुळजाबाई उसळली, "नाव नाही म्हणू नका! तुम्ही पुसलंत म्हणा!" तीस त्याच दिवशी दूरच्या ठाण्यावर बदलिले.

मग पौषात बारसे जाहले. नारळ फुटला, पेढे वाटिले, आणि कारभाऱ्यांनी स्वहस्ते यंत्रास नाव दिले: 'रंगराव'.

सारांश, यंत्रास नाव मिळाले. ठकूबाईस जमीन मिळाली नाही.